काकवीला कळप मिळेपर्यंतचे २१० दिवस

२१ एप्रिल २०२४, रविवार. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा मुख्य दिवस मंगळवारी होता, पण केर्लीच्या रस्त्यानं चालत जाणाऱ्यांची रीघ दोन दिवस आधीपासूनच लागली होती. आमच्या पतसंस्थेतल्या सातआठ जणी दरवर्षी या वाटेवर ताक वाटतात. दुपारी दोनच्या सुमारास एक पोरगा ताकाचा ग्लास हातात धरून म्हणाला, "काकी, तिकडं बंद पोल्ट्रीच्या मागं एक कुत्रं बांधलंय. वासराएवढं हाय. त्याला उठताच येईना."

मी गेले. लिंबाच्या बुंध्याला जेमतेम दोन हाताची साखळी होती आणि त्या साखळीला एक कुत्री. डोकं केवढं तरी मोठं, कान मुळापासून कापलेले, शेपूट छाटलेली. पाठीवर गुलाल. येणाजाणाऱ्यांनी लांबून फेकलेली बिस्किटं आसपास पडली होती, पण साखळी पुरत नसल्यामुळं निम्मी तिला मिळालीच नव्हती. हात न लावता पाठीचे मणके मोजता आले असते. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. माझ्याकडं आणि माझ्या मागच्या रस्त्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. मी बांबूनं बादली पुढं सरकवली. दीड बादली पाणी प्यायली आणि पुन्हा तशीच रस्त्याकडं तोंड करून बसली.

हे लिहायचं कारण एवढंच, की पुढचे सात महिने मी रोज कुणाला ना कुणाला फोन करून "आता काय करू?" असं विचारत होते. आमच्या घरी दोन गावठी कुत्री आहेत, पण एवढ्या मोठ्या, राखणीच्या जातीच्या कुत्रीशी माझा कधी संबंध आला नव्हता. अशी वेळ दुसऱ्या कुणावर आली, तर निदान काही पावलं तरी आधी कळलेली असावीत.

पोल्ट्रीच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी रात्री कुणीतरी गाडीतून आणून बांधून गेलं, आपण जमेल तसा भात टाकतो, जवळ जायचं धाडस होत नाही. फोटो आमच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांचं उत्तर लगेच आलं: "अलाबाय आहे. सेंट्रल एशियन शेफर्ड. बंदीच्या भीतीनं सोडली असणार."

बंदीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण अजूनही लोकांच्या मनात त्याचा घोळ आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना परिपत्रक पाठवलं होतं, की तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्या. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर होते, तसेच कांगल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड आणि अलाबायही होते. म्हणजे शेकडो वर्षं मेंढरं राखत आलेले कुत्रे झुंजीसाठी वाढवलेल्या कुत्र्यांच्या पंगतीला जाऊन बसले. १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्दही केलं होतं. पण 'बंदी आली' ही बातमी सगळीकडं पोचली, 'बंदी उठली' ही पोचली नाही. त्या परिपत्रकातही कुत्रा सोडून द्या असं कुठंही म्हटलेलं नव्हतं.

तिला त्याच दिवशी हलवता आलं नाही. यात्रेमुळं रस्ता एकेरी केलेला, टेंपो वर यायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, घाई नको, तीन दिवस जाऊन नुसतं बसा. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन दहा पावलांवर पाठ अर्धी वळवून बसायची. खाणं थोडं थोडंच द्यायचं होतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घातलं तर ते दगावू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी ओंजळभर. मी बघत असले की ती खायची नाही. मान फिरवली की खायची.

२४ तारखेला डॉक्टर, मी आणि माझा नवरा असे तिघं गेलो. पट्टा मानेत रुतला होता आणि तो कापताना तिचा दात माझ्या मनगटाला लागला. चावा नव्हता, वेदनेनं तिनं मान झटकली होती. रक्त आलं नाही, नुसतं खरचटलं. तरी डॉक्टरांनी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं हात धुवायला लावला आणि तिथूनच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवलं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मला चार तारखा मिळाल्या: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. 'एवढं तर खरचटलंय' म्हणून यात कुणी हयगय करू नये. कुत्री अनोळखी, तिच्या लसीचा कागद नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावर उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र, त्यामुळं एफआयआर नाही, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, करायची. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी हद्दीचा प्रश्न निघाला. तिसऱ्या खेपेला, २९ एप्रिलला, नोंद झाली. मला कुणाला शिक्षा होण्याची आशा नव्हती. तो कागद वेगळ्याच कारणासाठी हवा होता: उद्या कुणी येऊन 'ही आमची कुत्री, परत द्या' म्हणालं, तर ती कधी, कुठं आणि कोणत्या अवस्थेत सापडली याची सरकारी नोंद हातात असावी. फोटो तारखेसह काढून ठेवा, आणि पोल्ट्रीमालकांसारखा जो कोणी पाहणारा असेल, त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. डॉक्टरांनी मायक्रोचिप आहे का तेही तपासलं. नव्हती.

ठेवायचं कुठं, हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. आमचं घर पाचगावला, अंगण पंधरा बाय वीसचं, त्यात आधीची दोन कुत्री. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं, आबांचं, वडणग्याच्या शिवारात गुऱ्हाळघर आहे. हंगाम संपून चुलवाण थंड झालं होतं. आबा म्हणाले, "दसऱ्यापातूर मोकळंच हाय. आणा."

गुऱ्हाळघरात उन्हाळ्यातही गारवा होता. काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, पलीकडं, चिपाड रचायच्या कोपऱ्यात आम्ही तिची जागा केली. आबांनी तिला अंघोळ घालायचा हट्ट धरला, पण पहिले आठ दिवस तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. आठव्या दिवशी गुलाल निघाला आणि खालचा तांबूस, चकचकीत रंग दिसला. आबाच म्हणाले, "काकवीगत हाय की." तेच नाव पडलं.

पहिल्या महिन्याचा सगळा खर्च औषधांवर झाला. वजन ३१ किलो भरलं. या जातीच्या मादीचं वजन चाळिसाच्या वर असायला हवं. रक्तात प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार. गोचिडाचा ताप होता. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस. ही गोळी उपाशीपोटी दिली की उलटी होते, म्हणून आधी अर्धी भाकरी, मग गोळी, मग उरलेली भाकरी, असा क्रम आम्ही बसवला. ताप चौथ्या दिवशीच उतरला. 'आता बरी दिसतेय' म्हणून मध्येच गोळ्या थांबवायचा मोह होतो, पण थांबवू नका. तपासण्या, सलाईन, औषधं मिळून ११,४०० रुपये झाले. तिच्याइतकंच गुऱ्हाळघरालाही औषध मारावं लागलं, कारण गोचीड भिंतीच्या फटीत राहते आणि पुन्हा अंगावर चढते.

मे संपला तेव्हा वजन ३६ झालं आणि ती खरी कशी आहे ते दिसायला लागलं. तोपर्यंत ती निपचित होती, तो शांतपणा म्हणजे अशक्तपणा होता. सुटवून आणलेल्या जनावराचा स्वभाव पहिल्या महिन्यावरून ठरवू नये.

'ये' म्हटलं की ती यायची नाही. बघायची, विचार करायची, आणि बहुतेक वेळा जागेवरच राहायची. मला वाटलं, हिला शिकवलंच नाही. डॉक्टरांनी समजावलं. मेंढरं हाकणारी कुत्री वेगळी आणि मेंढरं राखणारी वेगळी. हाकणारी कुत्री मालकाच्या शिट्टीवर चालते. राखणारीला रात्री रानात एकटीनं ठरवायचं असतं, की समोरून येतंय ते धोक्याचं आहे की नाही. मालक तेव्हा झोपलेला असतो. तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानच्या गवताळ रानात लांडग्यांपासून कळप राखत या जातीच्या पिढ्या गेल्या. कान आणि शेपूट कापायची चाल तिथलीच, लांडग्याला धरायला काही मिळू नये म्हणून. आपल्याकडं ते फक्त भीतिदायक दिसावं म्हणून करतात, आणि काकवीचे कान तर कुणीतरी इतके वाईट कापले होते की एका बाजूची जखम पुरती भरलीच नव्हती.

दिवसभर ती झोपायची. दिवे लागले की उठून गुऱ्हाळघराच्या चारी बाजूंनी एक फेरी मारायची, मग उंचवट्यावर बसायची. रात्री ठरावीक वेळानं भुंकायची. चवताळून नव्हे, जाड आवाजात, थांबून थांबून. मी तिथं आहे, एवढं सांगणारं ते भुंकणं. बांधाच्या पलीकडं शेजाऱ्यांच्या सहा शेळ्या होत्या. एका संध्याकाळी आबांनी मला बोलावून दाखवलं: कुंपणाच्या अलीकडं काकवी आणि पलीकडं शेळ्या, आणि काकवीची पाठ शेळ्यांकडं. तोंड रानाकडं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तोंडाला जाळी घालायची सवय याच दिवसांत लावली. चामड्याची घट्ट पट्टी नको, टोपलीसारखी मोकळी जाळी हवी, म्हणजे धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आत दही लावून रोज दोन मिनिटं. तीन आठवड्यांत ती स्वतःहून तोंड घालायला लागली. पुढं दवाखान्यात, टेंपोत, नव्या जागी, सगळीकडं या सवयीनं वाचवलं.

जुलैत पावसानं जोर धरला. वडणग्याच्या लोकांना २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांनी शहाणं केलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हाच आबा गुरं हलवतात, धोक्याच्या ४३ ची वाट बघत नाहीत. त्यांचा फोन आला: "कुत्री आजच न्या. उद्या रस्ता ऱ्हाणार न्हाई." आम्ही नेली. त्या आठवड्याअखेर नदीनं धोक्याची पातळी ओलांडली आणि रस्ता खरंच गेला.

पाचगावच्या अंगणात काकवी पाच आठवडे होती आणि माझ्यासाठी सगळ्यात कठीण दिवस तेच होते. आमची दोन कुत्री मागच्या खोलीत, ती पुढं, मध्ये दोन दारं बंद. रात्री दोन ते चार भुंकणं. गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरला ती उत्तर द्यायची. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या घरात तान्हं बाळ होतं. मी घरोघर जाऊन काय झालंय ते सांगितलं, माझा नंबर दिला, किती दिवस लागतील तेही. नवऱ्यानं फाटकाला ताडपत्री लावली. रस्ता दिसेनासा झाल्यावर भुंकणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं थांबवायचा कुठलाही उपाय नाही, कारण ते तिचं काम आहे. फ्लॅटमध्ये, गल्लीत ही जात ठेवू नका असं मी आज कळकळीनं सांगते, ते त्या पाच आठवड्यांवरून. ओल्या हवेत तिच्या दाट केसांखाली कातडी चिघळली. रोज दोनदा अंग कोरडं पुसणं आणि पोटाखालचे केस कापणं, एवढ्यानं ती आटोक्यात आली.

सप्टेंबरमध्ये नसबंदी. नऊ हजार. टाके काढेपर्यंत बारा दिवस. नसबंदी झाल्याशिवाय कुणालाही द्यायची नाही हे आधीच ठरलं होतं, आणि ते किती बरोबर होतं ते फोन यायला लागल्यावर कळलं.

कारण जूनपासून मी 'चांगलं घर हवं' असा मजकूर ओळखीच्यांत फिरवला होता. एकतीस फोन आले. अकरा जणांनी पहिला प्रश्न विचारला, "पिल्लं होतील ना?" नसबंदी करून देणार म्हटल्यावर फोन ठेवले. एकाला बंगल्याच्या फाटकाशी बांधायला हवी होती, एकाला व्यायामशाळेत फोटोंसाठी. एकानं विचारलं, किती ताकद आहे, लढेल का? त्याचा नंबर मी डॉक्टरांना दिला आणि त्यांनी त्यांच्या ओळखीच्या सगळ्या प्राणीमित्रांना कळवला. कुत्र्यांच्या झुंजी लावणं याच १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. काही फोन अगदी भल्या माणसांचे होते, प्रेमळ, कुत्र्याला पोटच्या पोरासारखं वाढवणारे. त्यांना नाही म्हणताना जीव तुटायचा.

या नकारांचं नेमकं कारण मला शब्दांत सांगता येत नव्हतं. ते मिळालं ऑक्टोबरमध्ये. आमच्या ऑफिसातली एक सहकारी पट्टणकोडोलीची. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला आलेल्या एका धनगरमामांकडं ती मला घेऊन गेली. त्यांच्या तळावर दोन कुत्री होती, उंच, हडकुळी, धुळीच्या रंगाची. मी काकवीचे फोटो दाखवले आणि मनात होतं ते विचारलं, तुम्ही हिला ठेवाल का?

मामांनी फोटो बराच वेळ बघितला. "जनावर चांगलं हाय. पर आमच्यासंगं न्हाई निभायचं. आमी सकाळी वाडा उचलतो, रानोमाळ चालतो. ही जड हाय, उन्हात बसंल. आन आज ह्या गावात, उद्या त्या गावात, वाटंला शंभर माणसं. ही परक्या माणसाला सोसायची न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, हिला घर बगू नगा. एका जाग्यावरची शेरडं बगा. कुपाण असलेली."

पुढचा तासभर त्यांनी मला जे शिकवलं ते मी वहीत लिहून घेतलं. त्यांच्याकडं पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांतच वाढतं, त्यामुळं मेंढरं त्याला आपली वाटतात. मोठ्या कुत्रीला ते लहानपण परत देता येत नाही, पण वासानं ओळख करता येते. शेरडांच्या खालचं पोतं तिच्या अंथरुणात टाका आणि तिच्या खालचं शेरडांच्यात. पहिले पंधरा दिवस जाळीच्या अल्याड-पल्याड ठेवा. वैरणीच्या वेळी आणि तिच्या भाकरीच्या वेळी जवळ आणू नका. शेरडू व्यायला झालं असेल तर तिला लांब बांधा. करडाबरोबर खेळायला लागली तर रागावू नका, पण लगेच उठवा. खेळण्यातूनच घात होतो.

दसऱ्याला गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं, पण पुरानं ऊस खराब झाल्यामुळं आबांनी ते दिवाळीनंतर ढकललं. १८ नोव्हेंबरला चुलवाण पेटणार. गुळव्या आणि गडी येणार, रात्रंदिवस माणसांची ये-जा. पूर ओसरल्यावर काकवी परत तिथंच राहत होती, आणि माझ्याकडं महिनाही उरला नव्हता.

गारगोटीच्या पलीकडचं एक जोडपं डॉक्टरांनी सुचवलं. चाळीस शेळ्या, चार गाई, ओढ्याकाठी साडेतीन एकर. दोन वर्षांत बिबट्यानं सहा शेळ्या नेल्या होत्या. आम्ही २७ ऑक्टोबरला बघायला गेलो. जागा मनासारखी होती: गोठा पक्का, शेजारी उंचावर पत्र्याचं छप्पर, त्या भागातल्या पावसाला पुरेल असं. पण शेताच्या मधून वहिवाटीची वाट होती. शाळेची पोरं त्याच वाटेनं जायची. मी तिथंच सांगितलं, मग जमणार नाही. काकवीला शाळेचं पोर आणि चोर यातला फरक पहिल्या दिवशी कळणार नाही.

परत येताना नवरा म्हणाला, एवढी चांगली माणसं घालवलीस. मला रात्रभर झोप आली नाही. दहा दिवसांनी त्या ताईंचा फोन आला. त्यांनी वाटेच्या कडेनं पाच फुटी जाळीचं दुसरं कुंपण घातलं होतं, फाटकाला दोन कड्या लावल्या होत्या, अठरा हजार खर्च करून. त्यांच्या सासूबाईंनी फोन घेऊन विचारलं, "ती आली म्हंजी रात्री आमाला झोप लागू देईल का भुंकंल?" मी खरं सांगितलं, भुंकेल. आजी म्हणाल्या, "मग बरंय. भुंकली म्हंजी जागी हाय."

करारपत्र केलं. त्याच ऑक्टोबरपासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागायला लागला होता, वर नोटरीचे तीनशे. अटी साध्या शब्दांत लिहिल्या: दिवसभर साखळीला बांधायची नाही, विकायची किंवा दुसऱ्याला द्यायची नाही, रेबीजची लस दर वर्षी, आणि कोणत्याही कारणानं नको झाली तर कधीही, कितीही वर्षांनी, मला परत. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसाला परतीची वाट माहीत असली, तर तो रात्री गाडीत घालून झाडाला बांधून येत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. पिंजरा लावलेला टेंपो, २,८०० रुपये. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. विधानसभेच्या मतदानाला तीन दिवस राहिले होते आणि वाटेत नाकाबंदी होती. टेंपो उघडायला लावला. ताडपत्री वर झाल्यावर काकवीनं एकदाच जाड आवाज दिला. डॉक्टरांचं प्रवासाचं आरोग्य प्रमाणपत्र, लसीचं पुस्तक, एनसीची प्रत आणि करारपत्र, असे चार कागद मी एका फाईलमध्ये हाताशी ठेवले होते. पाच मिनिटांत सोडलं.

पहिले तीन दिवस मी तिथंच राहिले. पतसंस्थेत रजा टाकली होती. काकवी जाळीच्या अलीकडं, शेळ्या पलीकडं. एक म्होरकी शेळी सारखी येऊन जाळीवर शिंगं आपटायची. काकवी मान फिरवून बसायची. मान फिरवणं म्हणजे 'मला भांडायचं नाही', हे मी सात महिन्यांत शिकले होते, ते त्या घरच्यांना दाखवून दिलं.

नवव्या दिवशी चूक झाली. करडं बाहेर काढताना आतलं फाटक उघडं राहिलं आणि एक करडू उड्या मारत काकवीपाशी गेलं. ती खेळायला उठली, पंजानं दाबलं. ४४ किलोची कुत्री आणि महिन्याचं करडू. मांडीला जखम झाली, एक पाय सुजला. ताईंनी धावत जाऊन उचललं. काकवी लगेच मागं सरली होती, पण घरात सगळे घाबरले आणि ते स्वाभाविक होतं. मला फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. हात कापत होते. मी म्हणाले, आत्ता निघते, हवं तर तिला घेऊन जाते. त्या म्हणाल्या, या, मग बघू.

जनावरांच्या १९६२ या हेल्पलाईन नंबरवर फोन करून फिरता दवाखाना बोलावला होता, करडाचा पाय मोडला नव्हता. औषधाचे पैसे मी दिले. रात्री आम्ही सगळे पडवीत बसलो. मी धनगरमामांची वही काढली आणि 'खेळण्यातूनच घात होतो' हे वाचून दाखवलं. मी ते त्यांना तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. ती माझी चूक. वहीची पानं त्यांच्या पोरानं तिथंच उतरवून घेतली. करडांसाठी वेगळा कोंडवाडा झाला आणि पंधरा दिवसांची जाळीची मुदत आम्ही एक महिन्यावर नेली.

१५ डिसेंबरला पहिल्यांदा मोठ्या शेळ्यांत मोकळी सोडली, तोंडाला जाळी घालून. जानेवारीत तोंडाची जाळी निघाली. ओढ्याकाठी बिबट्याचा वावर अजून आहे, वनखात्याच्या माणसांनी येऊन रात्री शेळ्या बंदिस्तच ठेवा असं सांगितलंय आणि ते काटेकोर पाळलं जातं. एकट्या कुत्रीच्या जिवावर बिबट्याला तोंड द्यायला लावणं हाही अन्यायच आहे. तिचं काम आवाज करणं आणि माणसांना उठवणं. मानेला रुंद, खिळ्यांचा पट्टा केलाय.

सात महिन्यांचा खर्च पासष्ट हजारांच्या पुढं गेला. त्यातले सदतीस-अडतीस हजार नुसत्या खाण्याचे, दिवसाला १८० रुपये धरून. साडेतेवीस हजार मित्रमैत्रिणींनी जमवून दिले, प्रत्येक पावती मी त्यांच्या ग्रुपवर टाकत गेले. बाकीचे आम्ही दोघांनी घातले. हा आकडा आधी माहीत असता तरी मी तिला सोडून आले नसते, पण पैसे जमवायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली असती.

फेब्रुवारीत भेटायला गेले. फाटकापाशी पोचले तर काकवी उंचवट्यावरून उठली आणि माझ्यावर भुंकली. त्या ताई बाहेर आल्या, माझ्याशी बोलल्या, तेव्हा गप्प झाली. मग सावकाश खाली आली, मनगट हुंगलं, तेच, दात लागलेलं, आणि परत शेळ्यांकडं गेली. म्होरकी शेळी तिला खेटून बसली होती.

येताना वडणग्यावरून आले. गुऱ्हाळ जोरात होतं, आदण उतरत होतं, सगळीकडं वाफ. आबांनी पानावर गरम काकवी दिली. चिपाड बाहेरच्या बाजूला रचलेलं होतं. मी विचारलं, आतला कोपरा रिकामा का ठेवलाय? आबा काहिलीकडं बघत म्हणाले, "आसू दे. पावसाळ्यात आणखी कोन आलं तर."